नळी की चमचा?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) शेवटच्या टप्प्यात आला की माणूस घास तोंडात धरून बसतो. गिळायचं विसरतो, ठसका लागतो, वजन उतरत जातं. मग डॉक्टर विचारतात, ‘अन्नासाठी नळी टाकायची का?’ घरच्यांना मात्र ऐकू येतं, ‘यांना उपाशी ठेवायचं का?’ इथेच घोटाळा होतो. नळी नाकारली म्हणून जेवण बंद होत नाही. जमेल तेवढं हाताने भरवणं हा दुसरा पर्याय असतो.

नळीची सोय उघड आहे. औषधं वेळेवर जातात, किती पोटात गेलं ते मोजता येतं आणि (हे कुणी मोठ्याने बोलत नाही) भरवणाऱ्याचा वेळ वाचतो. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब काही आठवड्यांपुरती. जास्त दिवस लागणार असतील तर पोटाला छिद्र पाडून थेट जठरात जाणारी नळी, म्हणजे पेग, बसवतात. १९७९ मध्ये पेग पहिल्यांदा बसवली गेली ती एका तान्ह्या बाळाला, अख्खं आयुष्य पुढे असलेल्या जिवाला.

नळीने न्यूमोनिया टळेल, ही आशा मात्र फोल ठरते. लाळ आणि पोटातून उलटून वर आलेलं अन्न तरीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा पडून राहिल्याने पाठीला झालेल्या जखमा भरतात, याचाही भक्कम पुरावा नाही. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये अशा रुग्णांसाठी नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचीच शिफारस केली. शिवाय नाकात काय खुपतंय हे न कळून रुग्ण नळी उपसतो. मग हात बांधले जातात. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी नळीला नाही म्हणेन.

चमच्याची बाजूही सोपी नाही. रुग्णाला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. अर्धाच चमचा. कंठ वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. पाण्याने ठसका लागत असेल तर किती दाट द्यायचं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला विचारावं. तोंड मिटलं की थांबायचं. एका जेवणाला पाऊण तास जातो आणि तरी वजन उतरतं, न्यूमोनियाही होऊ शकतो. पण चव कळते, समोर माणूस बसलेलं असतं.

हे सगळं प्रगत डिमेन्शियापुरतं. पक्षाघातात गिळणं काही आठवड्यांत परत येऊ शकतं, घशाच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये मधला काळ निभावायचा असतो. तिथे नळी बिनदिक्कत घ्यावी.

मन द्विधा असेल तर मुदत घालून नळी टाकता येते. दोन-तीन आठवड्यांत काय सुधारायला हवं आणि नाही सुधारलं तर काढायची, हे आधीच डॉक्टरांशी बोलून लिहून ठेवा. नीतिशास्त्रात उपचार सुरू न करणं आणि थांबवणं सहसा एकाच मापाने मोजतात; नळी काढताना मात्र घरच्यांचा हात थरथरतो. आणि ‘आपल्याला काय सहन होईल’ याआधी ‘त्यांनी काय निवडलं असतं’ हे विचारा. त्यांनी पूर्वी काही लिहून ठेवलं असेल, तर ते आधी वाचा.

अगदी शेवटच्या दिवसांत भूक सहसा आपोआप मावळते. उरते ती तोंडाची कोरड. त्यासाठी ओला बोळा ओठांवरून आणि जिभेवरून वरचेवर फिरवत राहायचा.