यंत्रांसाठी सीएमसी (कंपनीशी सुट्या भागांसकट देखभालीचा करार) करावी की पगारावर बायोमेडिकल इंजिनीअर ठेवावा?

वॉरंटी संपली की इंदूरच्या लहान नर्सिंग होमवाल्यांपुढे हा प्रश्न येतोच. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

व्हेंटिलेटरचा बोर्ड गेला तर कंपनीच हवी. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर तिच्याकडेच. सीएमसी करताना ऑक्सिजन सेन्सर, बॅटरी, एसपीओटू प्रोब (रक्तातला ऑक्सिजन मोजणारी बोटाची क्लिप) 'कंझ्युमेबल' म्हणून वगळलेत का, तेवढं वाचून घ्या. बहुधा वगळलेले असतात. अपटाइमही, म्हणजे यंत्र किती टक्के वेळ चालू स्थितीत राहील तेही, लिहून घ्या. 2015 च्या केंद्रीय देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांना 95 टक्के अपटाइमची अट आहे, मग आपण का मागू नये?

माझं मन फिरलं ते पीएम व्हिजिटमुळे, म्हणजे बिघाड होण्याआधीच करायच्या ठरावीक तपासणीमुळे. इंजिनीअर भोपाळहून ठरल्या तारखेला, भर दुपारी यायचा. तेव्हा औषध ठरावीक वेगाने देणारे निम्मे सिरिंज पंप पेशंटला लावलेले. उरलेल्यांची धूळ पुसायची, वापरातल्या पंपांपुढे 'मशीन इन यूज' लिहायचं, सही घ्यायची, व्हिजिट झाली. म्हणजे जो पंप सगळ्यात जास्त राबतो, तोच वर्षभर तपासणीतून सुटायचा! आयसीयूत हे मला चालण्यासारखं नव्हतं.

आता इथल्याच एसजीएसआयटीएस या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकलेला मुलगा आमच्याकडे आहे. खाट रिकामी झाली की तो पंप उचलतो, प्लग काढून बॅटरीवर ताशी 5 मिलि लावतो आणि मोजनळीत किती पाणी पडलं ते घड्याळ लावून बघतो. मग अर्थिंग. वैद्यकीय यंत्रांच्या सुरक्षा तपासणीच्या आयईसी 62353 मानकाप्रमाणे पॉवर कॉर्डसकट रोध 0.3 ओहमच्या आत हवा. तो वाढलेला निघाला की आमच्याकडे दोष बहुतेकदा यंत्रात नसतो, ट्रॉलीच्या चाकाखाली चेपलेल्या कॉर्डमध्ये असतो. कॉर्ड बदलली की काम झालं, तक्रार क्रमांकाची वाट बघणं नाही.

अडचणी यातही आहेत. असा मुलगा मोठ्या हॉस्पिटलला गेला की पुन्हा शोधाशोध. यंत्रांची विद्युत सुरक्षा मोजणारा सेफ्टी अ‍ॅनालायझर महाग पडतो. आम्ही तो ओळखीच्या नर्सिंग होमबरोबर भागीत घेतला. कॅलिब्रेशनचे दाखले तरीही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडूनच घ्यावे लागतात.

व्हेंटिलेटर आणि अ‍ॅनेस्थेशिया मशीनची सीएमसी मी सोडलेली नाही. पंप, मॉनिटर, सक्शन मात्र पुन्हा करारात घालणार नाही. दहाच खाटा असतील तर पूर्ण पगार कदाचित झेपणार नाही. तेव्हा शेजारच्या डॉक्टरांशी बोलून माणूस वाटून घ्या. तेही जमत नसेल, तर व्हिजिटच्या दिवशी वापरात असलेलं यंत्र आठवडाभरात पुन्हा येऊन तपासण्याची अट करारात घालूनच सही करा.