सहाशे डॉलरचा पत्ता

जवळच्या नातेवाइकाला अमेरिकेत कायम राहायला आणण्यासाठी जो आय-130 नावाचा अर्ज करावा लागतो, त्यात 'स्ट्रीट नंबर अँड नेम' अशी एक चौकट असते. अर्जातल्या अशा चौकटींत माझ्या पतींचा दुबईतील पत्ता बसवून देण्यासाठी मी एका सल्लागाराला सहाशे डॉलर मोजले, आणि त्याने तिथे जो पत्ता लिहिला तो पृथ्वीच्या पाठीवर कुठेही अस्तित्वात नव्हता. ज्यांच्या जोडीदाराचे पत्ते अमेरिकी साच्यात सहज बसत नाहीत, अशांना उपयोग व्हावा म्हणून घडलेला प्रकार लिहीत आहे.

मी अमेरिकेची नागरिक आहे. 2023 साली आमचे लग्न झाले, आणि 2024 च्या उन्हाळ्यात मी पतींसाठी अर्ज करायला घेतला. पती किंवा पत्नीसाठी अर्ज करताना आय-130 सोबत आय-130ए नावाची पुरवणी भरावी लागते आणि तिच्यात जोडीदार मागील पाच वर्षांत जिथे जिथे राहिला ते सर्व पत्ते तारखांसह द्यावे लागतात. पतींचा भारतातला सध्याचा पत्ता मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असा आहे, घराला क्रमांक नाही. त्याआधी ते 2018 पासून 2022 च्या मध्यापर्यंत दुबईत अल क्वोज भागात कंपनीने दिलेल्या कामगार निवासात राहत होते. तिथल्या पत्त्याबद्दल त्यांना स्वतःला एवढेच सांगता येत होते की खोली 214, अमुक कंपनीचे निवासस्थान, अल क्वोज, आणि कंपनीचा पी.ओ. बॉक्स. संयुक्त अरब अमिरातीत पिनकोडची पद्धतच नाही. पत्रे परंपरेने पी.ओ. बॉक्समध्ये येतात आणि नोकरदारांच्या बाबतीत तो बॉक्स बहुधा कंपनीच्या नावावर असतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि माझे अज्ञान हेच त्या सल्लागाराचे भांडवल ठरले.

एका ओळखीच्या कुटुंबाने त्याचे नाव सुचवले होते. तो वकील नव्हता, पण कार्यालयाच्या दारावर 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी ठसठशीत पाटी होती आणि भिंतीवर झेंडा होता. अर्ज भरण्याचे साडेचारशे डॉलर ठरले. सरकारी शुल्काचा 675 डॉलरचा धनादेश मी वेगळा, होमलँड सिक्युरिटी खात्याच्या नावाने लिहून दिला. (कागदी अर्जाचे शुल्क 1 एप्रिल 2024 पासून 675 डॉलर झाले होते, ऑनलाइन भरला असता तर 625 लागले असते, हेही त्याने सांगितले नाही.) दुबईचा पत्ता पाहताच त्याने चष्मा काढला, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, स्ट्रीट नंबर नाही, पिनकोड नाही, असा अर्ज कॉम्प्युटर घेतच नाही. न उघडता परत येतो. याचं फॉरेन अ‍ॅड्रेस व्हेरिफिकेशन करून घ्यावं लागेल." त्याचे सहाशे डॉलर. मी दिले. पावतीवर त्याने केवळ 'सेवा शुल्क' असे लिहिले, याकडेही माझे लक्ष गेले नाही.

असे कोणतेही व्हेरिफिकेशन नसते. जोडीदाराच्या परदेशातील पत्त्याला क्रमांक किंवा पिनकोड नाही एवढ्या कारणाने अर्ज परत येत नाही. सही नसणे, शुल्क चुकीचे असणे अशा कारणांनी तो परत येतो. अर्जातील 'स्टेट' आणि 'झिप कोड' या चौकटी अमेरिकेतील पत्त्यांसाठी आहेत, तर परदेशी पत्त्यासाठी 'प्रॉव्हिन्स', 'पोस्टल कोड' आणि 'कंट्री' अशा वेगळ्या चौकटी दिलेल्या असतात. जी गोष्ट लागू नाही तिथे 'एन/ए' लिहावे असे अर्जासोबतच्या सूचनांमध्येच म्हटले आहे, आणि त्या सूचना यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी त्या तेव्हा वाचल्या असत्या, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

माझी दुसरी चूक अधिक मोठी होती. त्याने मला पूर्ण अर्ज न दाखवता केवळ सहीचे पान पाठवले, आणि मी ते सही करून परत दिले. त्या पानावर स्पष्ट छापलेले असते की अर्जातील सर्व माहिती खरी असल्याचे मी खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून सांगत आहे. दुसऱ्या कोणी अर्ज भरून दिला असेल तर त्याने 'प्रिपेअरर' या भागात स्वतःचे नाव आणि सही द्यायची असते; तो भाग त्याने कोरा ठेवला होता, हे पुढे कळले. म्हणजे कागदोपत्री तो या अर्जात कुठेच नव्हता आणि सगळी जबाबदारी माझी होती.

नंतर काही महिने काहीच कळेना. पावतीचा क्रमांक विचारला की "अजून आला नाही" असे ठरलेले उत्तर मिळे. अखेर एका रात्री बँकेच्या खात्यात वटलेल्या धनादेशाचे चित्र उघडून पाहिले. पुढची बाजू माझ्याच हस्ताक्षरातली होती, पण मागच्या बाजूला फिकट शाईत तीन अक्षरे आणि दहा अंक छापलेले होते. तोच पावतीचा क्रमांक! संकेतस्थळावर तो टाकल्याबरोबर दिसले की अधिक पुरावे मागणारी नोटीस कित्येक आठवड्यांपूर्वीच पाठवली गेली आहे. ती माझ्या घरी न येण्याचे कारण साधे होते: टपालाच्या पत्त्याच्या चौकटीत त्याने 'द्वारा' म्हणून स्वतःचे कार्यालय लिहिले होते. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तो अजिबात गडबडला नाही. नोटीस आलेली आहे, तिचे काम वेगळे आहे आणि त्याचे साडेतीनशे डॉलर पडतील, असे त्याने शांतपणे सांगितले. अशा नोटिशीला उत्तर देण्याची मुदत बारा आठवड्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती वाढवूनही मिळत नाही. माझ्याकडे तेवीस दिवस उरले होते. मी पैसे दिले आणि नोटीस व अर्जाची प्रत हातात घेऊनच बाहेर पडले.

नोटीस लग्न खरे असल्याचे आणखी पुरावे मागणारी होती, त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. घाबरवले ते अर्जाच्या प्रतीने. दुबईच्या पत्त्यासमोर लिहिले होते: 12, मेन रोड, अल क्वोज, दुबई 00000. मी ते पान पतींना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "अगं, हा मेन रोड कुठला? मी या पत्त्यावर एक दिवसही राहिलेलो नाही. आणि अकराच महिने राहिलो असं का लिहिलंय?"

तारखा मी पाहिल्याच नव्हत्या. पाच वर्षांच्या मुदतीत येणारी दुबईतील जवळजवळ तीन वर्षे त्याने अकरा महिन्यांवर आणली होती आणि उरलेला काळ भारतातल्या पत्त्यात मिसळून टाकला होता. विचारल्यावर म्हणाला, "बारा महिन्यांच्या वर गेलं की त्या देशाचा पोलीस दाखला लागतो, तुमचाच त्रास वाचवला." त्याचे पहिले वाक्य खरे होते: सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिले असल्यास पुढे व्हिसाच्या टप्प्यावर तिथला दाखला द्यावा लागतो. पण पतींच्या पारपत्रात अमिरातीचा निवासी व्हिसा चिकटवलेला आहे, येण्याजाण्याचे शिक्के आहेत. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले तर व्हिसा मागणाऱ्याला कायमची अपात्रता येऊ शकते. दुबई पोलिसांकडून रीतसर मिळणारा एक दाखला टाळण्यासाठी या गृहस्थाने आमचे सगळे आयुष्यच पणाला लावले होते, आणि तेही आम्हाला न विचारता.

त्यानंतर मी वकील गाठला, आणि यावेळी राज्याच्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर त्यांचा परवाना आधी तपासून मगच गाठला. अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी यांनीच द्यायचा असतो, आणि असा माणूस तुमचे काम घेतो तेव्हा जी-28 हा वकीलपत्रासारखा कागद सही करून दाखल करतो. सल्लागाराने जी-28 चा उच्चारसुद्धा कधी केला नव्हता.

वकीलबाईंनी सुचवलेली दुरुस्ती पाहून मला स्वतःची कीव आली. पत्त्याच्या पहिल्या चौकटीत कंपनीच्या निवासाचे नाव आणि अल क्वोज, खोलीच्या चौकटीत 214, शहर दुबई, पोस्टल कोडच्या जागी 'एन/ए', देश संयुक्त अरब अमिराती. शेवटच्या 'अधिक माहिती'च्या पानावर पान, भाग आणि प्रश्न यांचे क्रमांक देऊन दोन वाक्ये: या निवासाला रस्त्याचा क्रमांक नाही, पत्रव्यवहार कंपनीच्या पी.ओ. बॉक्सवर होत असे. हाच न्याय क्रमांक नसलेल्या भारतातल्या घरालाही. शिवाय जोडीदाराच्या भाषेची लिपी रोमन नसेल तर त्याचे नाव आणि पत्ता त्या लिपीतही लिहावा, असे अर्जच सांगतो. सल्लागाराने कोरी सोडलेली ती जागा आम्ही देवनागरीत भरली. खऱ्या तारखा, चूक कशी झाली याचे माझे सहीचे निवेदन, कंपनीचे पत्र आणि व्हिसाच्या पानाची प्रत हे सर्व नोटिशीच्या उत्तरासोबत मुदत संपण्याच्या नऊ दिवस आधी गेले. यथावकाश अर्ज मंजूर झाला.

सल्लागाराला दिलेले चौदाशे डॉलर परत मिळालेले नाहीत. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केली आहे. पावतीवर 'सेवा शुल्क' एवढेच लिहिलेले असल्याने ते पैसे नेमके कशाचे होते हे सिद्ध करणे अवघड जात आहे.

आता प्रकरण मंजुरीनंतर व्हिसाची कागदपत्रे गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे आहे आणि डीएस-260 हा व्हिसाचा अर्ज आम्ही दोघे फोनवर बोलत स्वतःच भरत आहोत. त्यात पाच वर्षांचे नव्हे, सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते लागतात. पतींचे सात निघाले, त्यांतल्या तीन पत्त्यांना क्रमांक नाही. पोस्टल कोडच्या चौकटीशेजारी 'लागू नाही' अशी खूण करण्याची सोय आहे. दुबईच्या पत्त्यासमोर ती खूण करायला मला एक सेकंदही लागला नाही.