स्वनिधी कर्ज : माझ्या पोह्याच्या गाडीचा अनुभव

एसटी स्टँडबाहेर सकाळी सहा ते दहा माझी पोहे-उपम्याची गाडी असते. 2021 मध्ये नगरपरिषदेमार्फत पीएम स्वनिधीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेचं, 10,000 रुपयांचं कर्ज घेतलं, फेडलं, मग 20,000 चं घेतलं. गाडीवाल्या बायका विचारत असतात, म्हणून लिहिते.

आधी मी रोजच्या वसुलीवाल्याकडून पैसे उचलायचे. तो दहा हजार म्हणून हातावर नऊच टेकवायचा आणि शंभर दिवस रोज शंभर न्यायचा. पाऊस असो, गाडी बंद असो, हा आपला हजर. स्वनिधीच्या दहा हजारांना हप्ता महिन्याचा, नऊशेच्या आसपास, मुदत बारा महिने, तारण नाही. हप्ते वेळेवर गेले तर सात टक्के व्याज सरकार खात्यात परत टाकतं. पहिल्यांदा तो मेसेज आला तेव्हा मला फसवाफसवीच वाटली, मुलाला दाखवल्यावर विश्वास बसला. क्यूआरवर पैसे घेतले की तेव्हा महिन्याला शंभरपर्यंत कॅशबॅक मिळायचा. शंभरात तेलाची पिशवी येत नाही, पण आलेले कोण सोडतंय.

त्रास झाला तो कागदाचा. पथविक्रेत्यांच्या यादीत माझं नावच नव्हतं. सर्वेवाले अकराला फिरले, तोवर माझी कढई घासून पालथी. मग यादीत नसलेल्यांना नगरपरिषद देते त्या शिफारसपत्राचा मार्ग. नगरपरिषदेत पहिल्या मजल्यावरच्या उपजीविका कक्षातल्या मॅडम स्वतः सकाळी साडेसातला आल्या, गाडीचा फोटो काढला, पोहे खाल्ले आणि नको म्हणताना पैसे दिले. बँकेने जामीनदार आणा म्हणून दोनदा परत पाठवलं होतं, तेही मॅडमच्या फोननेच सुटलं.

त्याच इमारतीत तळमजल्यावर अतिक्रमण विभाग. दिवाळीआधी त्यांच्या पथकाने माझी शेगडी आणि दोन स्टुलं ट्रॅक्टरमध्ये टाकली. शेगडी कर्जाच्या पैशातली! शिफारसपत्र पुढे केलं तर म्हणे, "ते वरच्या मजल्याचं, ताई." दंड भरून सोडवली. त्या महिन्याचा हप्ताही चुकवला नाही.

नगरपरिषदेला पाचपैकी तीन. त्यातले अडीच मॅडमचे.

आता पहिला टप्पा 15,000 चा आणि दुसरा 25,000 चा झालाय. जाणार असाल तर आधारला मोबाईल नंबर आधी जोडून घ्या. शिफारसपत्राची झेरॉक्स गाडीवर ठेवा आणि विक्री प्रमाणपत्राचा (पथविक्रीच्या परवान्याचा) अर्ज त्याच दिवशी टाका. माझं अजून यायचंय.