नागपुरात कुत्र्यासह घर शोधताना: तळमजला, मधला मजला की मोठी सोसायटी?

घर बघायला दुपारी साडेतीनला जा. सकाळी सगळीच घरं गार असतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा, चपला काढून फरशीवर दोन मिनिटं उभे राहा. कुत्रा दिवसाचा बराचसा वेळ याच फरशीवर पोट टेकून पडणार आहे. मे महिन्यात, विशेषतः महिनाअखेरीला सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या नवतपात, इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीतून, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून बाहेर काढतो. म्हणून भाडं, पार्किंग, मार्केट किती जवळ हे सगळं नंतर बघू. आधी दोनच गोष्टी: घर किती तापतं आणि दारापासून मातीपर्यंतची, म्हणजे कुत्र्याच्या शी-शूच्या जागेपर्यंतची वाट कशी आहे.

साधारण तीन पर्याय समोर येतात: प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, बजाजनगरसारख्या जुन्या लेआउटमधल्या प्लॉटवरच्या घराचा तळमजला, चारमजली अपार्टमेंटमधला पहिला-दुसरा मजला आणि बेसा-वर्धा रोडकडची उंच इमारतींची मोठी सोसायटी. गच्चीखालचा फ्लॅट यात धरलेलाच नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री एक-दीडपर्यंत तीच उष्णता खाली सोडतो. गच्चीवर चुना मारला तर फरक पडतो, पण पग, शिह त्झू असे चपट्या नाकाचे कुत्रे किंवा अंगाने भारी लॅब (लॅब्राडोर) असेल तर भाडं दोन हजारांनी कमी असलं तरी हा फ्लॅट सोडा.

उन्हाळा आणि कूलर

तळमजल्याची फरशी जमिनीला टेकलेली, म्हणून तिघांत सगळ्यात गार. जुन्या घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर आणखी चांगलं: गारही राहते आणि पायही घसरत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. कंबरेचा सांधा आधीच कमजोर असेल, लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये हे वारंवार दिसतं, तर अशा फरशीवर त्याच्या चालण्याच्या वाटेवर रबरी चटया टाकाव्या लागतात.

मधल्या मजल्याला वर-खाली घरं असल्यामुळे उष्णता फक्त बाजूच्या भिंतींतून येते. बेडरूम पश्चिमेला असली तरी चालेल, पण हॉल पूर्वेला किंवा उत्तरेला हवा, कारण दुपारी कुत्रा तिथेच असतो. उंच इमारतीत वारा जास्त, पण मेमधला वारा म्हणजे लू. मोठ्या काचेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावे लागतात आणि बऱ्याच ठिकाणी कूलर बसवायला जागाच दिलेली नसते, म्हणजे एसीचं बिल.

कूलरकडे इथे नीट लक्ष द्या. कूलर ज्या खिडकीत बसतो तिच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवता आलं पाहिजे. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो, जिभेवरची ओल उडत नाही, आणि माणसाला गार वाटत असताना कुत्रा मात्र धापा टाकत राहतो. समोरच्या त्या उघड्या खिडकीला लोखंडी जाळी हवी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुत्र्याचं वजन पेलत नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. लोखंडी कूलरचा शॉक लागण्याच्या घटना विदर्भात दर उन्हाळ्यात घडतात, आणि कुत्रा तर अनवाणी पायांनी, ओल्या नाकाने त्या पत्र्याला जाऊन भिडतो. सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने तपासून घ्या आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर घरमालकाला ती बसवायला सांगा. त्याने खर्च नाकारला तर स्वतः बसवा, पण त्याशिवाय कूलर चालू करू नका.

दारापासून मातीपर्यंत

तळमजल्याला इथे तोड नाही: दार उघडलं की अंगण. मात्र त्याचे धोकेही अंगणातूनच येतात. गोचीड मादी रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून गळते आणि कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध दिलं आणि फटी सिमेंटने बुजवल्या नाहीत, तर दोन महिन्यांत गोचीड परत येतात आणि सोबत टिक फीवर. घर बघताना भिंतीचे सांधे आणि कुंड्यांमागची जागा बघा. पावसाळ्यात अंगणात पाणी साचतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. साचलेलं पाणी आणि उंदीर एकत्र आले की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) धोका असतो, त्यामुळे दरवर्षीची लस चुकवता येत नाही. फाटकाच्या सळ्यांतलं अंतर आणि कडीही बघा. दूधवाला गेला की फाटक उघडंच, ही तक्रार जुन्या लेआउटमध्ये नेहमीची.

मधल्या मजल्यावर जिना येतो. तरुण, मध्यम आकाराच्या कुत्र्याला दोन मजले काहीच नाहीत. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मात्र रोजचा जिना मणक्याला घातक, आणि ३० किलोचा लॅब म्हातारा झाला की त्याला उचलून न्यावं लागतं. पिल्लाच्या बाबतीत गणित उलटं आहे. साधारण चार महिन्यांपर्यंत लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि भटक्या कुत्र्यांनी वापरलेल्या मातीत पार्व्हो हा पिल्लांसाठी जीवघेणा विषाणू असू शकतो. तोवर वरच्या मजल्याची बाल्कनी सुरक्षित, पण तिला पाणी वाहून जायला भोक हवं आणि रेलिंगच्या सळ्यांतलं अंतर लहान जातीसाठी दोन इंचांपेक्षा कमी.

मोठ्या सोसायटीत हिरवळ दिसते, म्हणून लोक फसतात. लॉनवर कुत्र्यांना मनाई, बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. माती सापडते ती गेटबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर, आणि तिथे भटक्यांची टोळी आपली हद्द राखून असते. घड्याळ लावून चाला: फ्लॅटच्या दारापासून मातीपर्यंत चार मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर पिल्लू आणि म्हातारा कुत्रा दोघांचीही शी-शू वाटेत लिफ्टमध्येच होईल. वीज गेल्यावर जनरेटरवर कोणती लिफ्ट चालते, तेही विचारा.

तिन्ही ठिकाणी रस्ता तापतोच. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजे भाजणार. मेमध्ये सकाळचं फिरणं साडेसहाच्या आत आणि रात्रीचं आठनंतर.

मालक आणि सोसायटी

ही दोन वेगळी माणसं आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही किंवा त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. घाण उचलणं मात्र आपलं काम. भाड्याच्या घरात मालकाचा नकार ही वेगळी गोष्ट आहे, तिथे या सूचनांचा आधार घेऊन भांडण्यात अर्थ नाही. होकार तोंडी घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात कुत्र्याची जात, वय आणि डिपॉझिटमधून नेमकं काय कापलं जाईल, हे लिहून घ्या. रेबीजच्या लसीचं कार्ड पहिल्या भेटीतच दाखवलं की मालकाची अर्धी भीती जाते.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना बेसाहून शहर ओलांडून आहे. उष्माघातात आधी साध्या पाण्याने अंग भिजवून पंखा लावायचा असतो आणि मग निघायचं असतं, पण घराजवळ दहा मिनिटांवर एखादा डॉक्टर हवाच.

कोणाला काय

पिल्लू असेल तर जाळीच्या बाल्कनीसह पहिला मजला. लॅब, जर्मन शेफर्ड किंवा आठ वर्षांपुढचा कोणताही कुत्रा असेल तर तळमजला, थोडं जुनं घर असलं तरी. आपला देशी कुत्रा उन्हाला सगळ्यात काटक, पण हद्द राखणारा. त्याला गेटजवळचा तळमजला दिला की तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर दिवसभर भुंकतो, म्हणून मागच्या बाजूचा दुसरा मजला बरा. चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी एसी आणि जनरेटर बॅकअप असलेली मोठी सोसायटी हाच खरा पर्याय, माती लांब असली तरी.

टोकन देण्याआधी एकदा रात्री साडेनऊला कुत्र्याला सोबत घेऊन त्या गल्लीतून चालून या. भटके कुठे बसतात, किती जवळ येतात आणि आपला कुत्रा शेपूट आत घेतो की नाही, ते त्याच वेळी कळतं.