रबर चढवलेल्या पाचरीचा गेट व्हॉल्व्ह : सोसायटीच्या पाण्याच्या लाईनवरचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या सोसायटीत पंपघरातून तीन इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांकडे जाणाऱ्या ८० मिलिमीटर व्यासाच्या तीन लाईन आहेत आणि त्या प्रत्येकीवर इमारती बांधल्या तेव्हापासूनचे बिडाचे गेट व्हॉल्व्ह बसवलेले होते. दीड वर्षापूर्वी ते तिन्ही काढून आम्ही त्यांच्या जागी रबर चढवलेल्या पाचरीचे (पाचर म्हणजे व्हॉल्व्हच्या आत वर-खाली होऊन पाण्याची वाट अडवणारा निमुळता भाग), म्हणजे दुकानदार ज्यांना सॉफ्ट सीटचे म्हणतात ते, व्हॉल्व्ह बसवले. पाण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवलेले असल्यामुळे खरेदीपासून रोजच्या वापरापर्यंत सर्व काही मी जवळून पाहिले आहे. पुढील परीक्षण या प्रकारच्या व्हॉल्व्हचे आहे. त्यात कोणत्याही एका कंपनीची शिफारस नाही.

बदलण्याची वेळ आली ती एका साध्या दुरुस्तीमुळे. दुसऱ्या इमारतीची वर जाणारी उभी लाईन एका जोडाशी गळू लागली, म्हणून त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून बाकीच्या दोन इमारतींना पंपाने नेहमीप्रमाणे पाणी द्यावे आणि मधल्या वेळात प्लंबरने जोड बदलावा असे ठरले होते. चाक पूर्ण फिरवले, मग चाकात पाइपचा तुकडा अडकवून आणखी जोर लावला, तरी पंप सुरू करताच कापलेल्या तोंडातून मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी धार सतत येत राहिली. शेवटी दिवसभर पंपच बंद ठेवावा लागला आणि तिन्ही इमारतींना संध्याकाळपर्यंत पाणी मिळाले नाही. लाईनचा एक भाग वेगळा काढणे एवढेच गेट व्हॉल्व्हचे काम असते, आणि नेमके तेच त्याला जमत नव्हते.

काढलेला व्हॉल्व्ह आम्ही पंपघराच्या ओट्यावर उघडला. गेट व्हॉल्व्हची रचना समजण्यासाठी असा एकदा उघडून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. वरचे झाकण काढले की मधला दांडा, ज्याला आपल्याकडे सगळे स्पिंडल म्हणतात, तो दिसतो. त्याच्या खालच्या आट्यांवर एक नट चढलेला असतो आणि त्या नटात पाचर अडकवलेली असते. चाक फिरवले की स्पिंडल जागच्या जागी फिरतो, नट आट्यांवरून वर किंवा खाली सरकतो आणि त्याच्यासोबत पाचर पाण्याच्या वाटेत उतरते किंवा वाटेतून पूर्ण बाहेर जाते. पाचर खाली निमुळती असल्यामुळे ती शेवटच्या काही वेढ्यांत दोन्ही बाजूंच्या गनमेटलच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या, कड्यांवर घट्ट आवळली जाते, आणि म्हणून पाणी कोणत्याही बाजूने आले तरी ते अडते. दुहेरी तोंडाच्या पाचरीची ही कल्पना जेम्स नॅस्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने १८३९ च्या सुमारास शहराच्या मोठ्या नळांसाठी मांडली होती, आणि आजच्या व्हॉल्व्हमध्येही मूळ तत्त्व तेच आहे.

आमच्या जुन्या पाचरीची स्थिती मात्र पाहवत नव्हती. तिच्या खालच्या कडेला गनमेटलची कडी चंद्रकोरीच्या आकारात झिजून गेली होती, आणि पाचर जिथे टेकते त्या तळाच्या खाचेत गंजाचे पापुद्रे, वाळू आणि हरभऱ्याएवढे दोन खडे घट्ट बसले होते. चाक कितीही आवळले तरी पाचर त्या गाळावरच टेकत होती, तळापर्यंत जातच नव्हती. गाळाचा दोष पाण्याचा म्हणता येईल. झिजेचा दोष मात्र आमचा होता. पहिली इमारत पंपाच्या सर्वांत जवळ आणि चार मजली, दुसरी आणि तिसरी सात मजली; त्यामुळे तिन्ही टाक्या एकाच वेळी भराव्यात म्हणून पूर्वीच्या देखभाल ठेकेदाराने पहिल्या दोन लाईनचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धवट उघडे ठेवले होते. पाचर अर्धी खाली असली की सगळे पाणी तिच्या खालच्या अरुंद फटीतून प्रचंड वेगाने जाते, पाचर थरथरत राहते आणि तिची कड व कडी दोन्ही खाल्ली जातात. पंप चालू असताना येणारी ती बारीक शीळ आम्ही इतकी वर्षे पाण्याचाच आवाज समजत होतो.

नव्या व्हॉल्व्हची पाचर डक्टाइल, म्हणजे साध्या बिडापेक्षा चिवट, लोखंडाची असून तिच्या सर्व बाजूंवर ईपीडीएम जातीचे रबर साच्यातच पक्के बसवलेले असते. सर्वांत महत्त्वाचा फरक तळाशी आहे. व्हॉल्व्ह हातात घेऊन आरपार पाहताच आमचे प्लंबर म्हणाले, “साहेब, याच्या पोटात खाचच नाही.” ते खरेच आहे. आतला मार्ग पाइपसारखाच सरळ आणि गुळगुळीत असतो, पाचर सरळ त्या तळावर टेकते आणि रबर दबून पाणी बंद होते. साचायला जागा नसल्यामुळे गाळ पाण्यासोबत निघून जातो, आणि एखादा बारीक कण पाचरीखाली आला तरी रबर त्याच्याभोवती दबते. पूर्ण उघडल्यावर पाचर वर झाकणात जाऊन बसते, वाटेत काहीच उरत नाही, त्यामुळे दाबाची घट नगण्य असते. बटरफ्लाय व्हॉल्व्ह स्वस्त आणि आखूड असतो, परंतु त्याची चकती उघडी असतानाही प्रवाहाच्या मधोमध उभी राहते. म्हणून तो पर्याय मी विचारात घेतला नाही.

दीड वर्षात या तीन व्हॉल्व्हवर मी मुद्दाम लक्ष ठेवले. दर महिन्याला प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडतो, कारण वर्षभर न हलवलेला व्हॉल्व्ह नेमक्या गरजेच्या दिवशी अडतो. चाक आजही एका हाताने फिरते. बंद ते उघडे हे अंतर १७ वेढ्यांचे आहे आणि तो आकडा आम्ही प्रत्येक व्हॉल्व्हच्या मागच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवला आहे. स्पिंडलपाशी जुन्या पद्धतीची ग्लँडदोरी, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून दांड्याभोवती दाबून बसवलेली दोरी, नसून रबरी ओ-रिंग आहेत, त्यामुळे दर पावसाळ्यात ग्लँडचे नट आवळण्याचे आणि जमिनीवर थेंब थेंब साचणारे पाणी पुसण्याचे काम संपले. गेल्या मे महिन्यात तिसऱ्या इमारतीची टाकी धुताना तिचा व्हॉल्व्ह बंद करून बाकीच्या दोन लाईनवर पंप चालू ठेवला, आणि टाकीत पडणाऱ्या पाइपच्या तोंडाला मी वरून हात लावून पाहिला. तोंड कोरडे होते.

तरीही या व्हॉल्व्हच्या काही मर्यादा आणि त्रास स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. पहिला त्रास लांबीचा झाला. आमचा जुना व्हॉल्व्ह फ्लँजपासून (पाइपला बोल्टने जोडायच्या गोल कडेपासून) फ्लँजपर्यंत २०३ मिलिमीटरचा होता, तर युरोपीय मापात ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आखूड प्रकारात १८० आणि लांब प्रकारात २८० मिलिमीटर लांबीचा येतो. दुकानदाराला मी जुने माप लिहून दिले होते, तरी त्याने “जागेवर बसेल” असे सांगून आखूड प्रकार पाठवला. मधल्या २३ मिलिमीटरच्या फटीसाठी लेथवर लोखंडी कडी करून घ्यावी लागली, बोल्टही लांब आणावे लागले आणि त्यात दोन दिवस गेले. म्हणून खरेदीपूर्वी लांबी तर मोजावीच, शिवाय फ्लँजची भोके चार आहेत की आठ हेही पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे, आमच्याकडे आलेल्या तीनपैकी एका व्हॉल्व्हचा निळा इपॉक्सी थर टेम्पोतून उतरवताना साखळीने खरवडला गेला होता. हा थर आतून-बाहेरून सारखा असतो आणि गंजापासून खरे रक्षण तोच करतो. ओरखडा नुसत्या रंगाने झाकण्यापेक्षा असा नग परत करणेच योग्य, आणि आम्ही तो परत केला.

बसवताना दोन गोष्टी जवळजवळ चुकल्याच होत्या. पाचर सहज सरकावी म्हणून आमच्या प्लंबरने साधे ग्रीस हातात घेतले होते. पण ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे लागलेच तर सिलिकॉनचे ग्रीस लावावे. आणि लाईनवर वेल्डिंग केलेले असेल, तर व्हॉल्व्ह बसवण्याआधी पाइपमधून भरपूर पाणी सोडून तो धुऊन घ्यावा, कारण वाळूचा कण रबर सहन करते, वेल्डिंगचा धारदार तुकडा मात्र ते चिरतो. सवयीचाही एक भाग आहे. जुन्या व्हॉल्व्हला पाइप अडकवून आवळायची सवय झालेल्या माणसाला इथे हात आवरावा लागतो; रबर दबताच पाणी थांबते आणि त्यापुढचा जोर फक्त रबर आणि नटाचे आटे खराब करतो.

स्पिंडल न वर येणाऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे बाहेरून कळत नाही, हा त्याचा कायमचा दोष आहे. जमिनीखालच्या चेंबरमध्ये किंवा पंपघराच्या कमी उंचीच्या जागेत मात्र हाच प्रकार बसतो. जिथे एका नजरेत खात्री हवी, उदाहरणार्थ आग विझवण्याच्या लाईनवर, तिथे स्पिंडल चाकाच्या वर येणारा प्रकारच घ्यावा. त्याचे आटे पाण्याबाहेर राहतात आणि त्यांना तेलपाणीही करता येते. धारदार पात्यासारखी पाचर असलेला नाइफ गेट व्हॉल्व्ह सांडपाण्यासाठी आणि घट्ट गाळासाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या लाईनवर त्याचे काम नाही. गच्चीवरच्या अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंतच्या लाईनवर आपण जे छोटे गनमेटलचे गेट व्हॉल्व्ह लावतो, त्यांच्यासाठी आयएस ७७८ हे भारतीय मानक आहे, आणि मोठ्या बिडाच्या व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४६. छोट्या मापात हलक्या पितळेचे, दिसायला अगदी तसेच नग सर्रास विकले जातात. त्यांचे आतले आटे लवकर जातात आणि मग चाक नुसतेच फिरत राहते. अशा जागी चांगला बॉल व्हॉल्व्ह मला अधिक भरवशाचा वाटतो. ८० मिलिमीटरच्या लाईनवर मात्र बॉल व्हॉल्व्हचा हँडल झटक्यात बंद करू नये. वाहते पाणी एकदम अडले की लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगामागे सुमारे १०० मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब क्षणभर वाढतो. गेट व्हॉल्व्ह वेढ्यावेढ्याने बंद होतो ही इथे जमेची बाजू, फक्त शेवटचे चार-पाच वेढे सावकाश द्यावेत, कारण प्रवाहाचा मोठा भाग तेव्हाच तुटतो.

दाबाच्या वर्गाबाबत दुकानात पीएन १६ घेण्याचा आग्रह झाला. पीएन १० म्हणजे सुमारे १०० मीटर उंच पाण्याचा दाब. आमची सर्वांत उंच टाकी पंपापासून २५ मीटरवर आहे, त्यामुळे आम्ही पीएन १० घेतले आणि ते पुरेसे ठरले. किंमत त्याच दुकानातल्या साध्या बिडाच्या व्हॉल्व्हच्या साधारण दीडपट पडली. एका दिवसाच्या टँकरचा खर्च आणि तिन्ही इमारतींची झालेली गैरसोय आठवली की हा फरक मला अजिबात जास्त वाटत नाही.

व्हॉल्व्ह बदलल्यानंतर पाणी सोडण्याची पद्धतही बदलली. आता एका वेळी एकाच इमारतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो आणि तिची टाकी भरली की पुढची. यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी दुसऱ्या लाईनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मगच पहिलीचा बंद करायचा, नाही तर पंप बंद लाईनवर चालत राहतो. सुरक्षारक्षकांना हा क्रम अंगवळणी पडायला आठवडा लागला. ती शीळ त्यानंतर एकदाही ऐकू आली नाही.

पंपाच्या तोंडाशी असलेला १०० मिलिमीटरचा जुना व्हॉल्व्ह अजून तसाच आहे आणि त्याच्या ग्लँडमधून पाणी झिरपते. त्याची लांबी आणि फ्लँजची भोके मी या वेळी स्वतः मोजून वहीत लिहिली आहेत. दिवाळीनंतर टाकी धुण्याच्या वेळी तोही बदलायचा आहे.