अंतरा इंजेक्शन, आमचं उपकेंद्र आणि सहा महिन्यांचा ऊसतोडीचा फड : सव्वा वर्षाचा अनुभव

मोबाईलचा, मिक्सरचा रिव्ह्यू सगळे लिहितात, मी आज सरकारी सेवेचा लिहितेय, कारण ही घ्यायच्या आधी मला विचारायला कुणी नव्हतं आणि ज्यांना विचारलं त्यांनी घाबरवलंच. मी बीड जिल्ह्यातली, वडवणी-धारूरकडची. आमचा कोयता (ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी) दरवर्षी दिवाळीच्या आसपास उसाला जातो तो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्येच घरी. पदरात दोन मुली, दोघींत जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर, धाकटी सहा महिन्यांची असताना मी ठरवलं की आता दोन-तीन वर्षं तरी नको, मला नीट उभं राहू द्या. सासूबाईंचं म्हणणं एक मुलगा होऊ दे मग ऑपरेशन करून टाक. मला ऑपरेशन आत्ता नको होतं आणि लगेच तिसरं मूलही नको होतं. ह्या दोन्हीच्या मधलं काहीतरी असतं हे मला आमच्या आशाताईने सांगितलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती तोवर!

तर अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. सरकारने २०१७ पासून आणलंय, पूर्ण फुकट. पहिला डोस पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर तपासून देतात, गावापासून नऊ किलोमीटर, काळी-पिवळीने गेले. बीपी बघितला, वजन केलं, पाळी कधी आली, बाळ अंगावर पितं का, काविळ किंवा छातीत गाठ वगैरे काही होती का असं सगळं विचारलं. बाळ सहा आठवड्यांचं झालं की अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं, दुधावर परिणाम होत नाही. इंजेक्शन दंडात दिलं आणि सांगितलं की तिथे चोळायचं नाही, शेकायचंही नाही. एक कार्ड मिळालं त्यावर पुढची तारीख. दहा मिनिटांचं काम.

पण एक गोष्ट तिथे कुणी बोललं नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची होती. महिन्याभरात माझी पाळी बिघडली, आज थोडं दिसायचं, चार दिवस काही नाही, परत आठ दिवस अंगावर जायचं. मी रडकुंडीला आले. शेजारची म्हणाली गर्भपिशवीला काहीतरी झालं असणार, शहरात नेऊन सोनोग्राफी कर. नशीब की आधी उपकेंद्रात गेले. तिथल्या सिस्टरने मला आत बसवून अर्धा तास समजावलं, की पहिले काही महिने असं होतं, पुढे पुढे पाळी कमी कमी होत बऱ्याच बायकांची बंदही होते, पण त्याने आत घाण रक्त साचत नाही, पिशवीच्या आतलं अस्तर जाड होतच नाही तर बाहेर पडणार काय. फारच जास्त जायला लागलं तर लगेच ये म्हणाल्या, गोळ्या असतात त्याला. आणि बंद करायचं ठरवलं तर शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात हेही त्यांनीच सांगितलं, म्हणजे ज्यांना लवकर मूल हवंय त्यांनी हा विचार करून घ्यावा. हे पाच वाक्यांचं बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

मी ह्यावर एवढा जोर का देतेय ते आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली होती, आमच्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावर जातंय, पोटात दुखतंय म्हणून बाई खाजगीत जाते, तिथे कॅन्सरची भीती घालतात आणि पिशवीच काढून ठेवतात, वयाच्या तिशीत. मग विचार करा, जिला इंजेक्शननंतर अंगावर जाणार हे सांगितलंच नाही ती बाई फडावर एकटी असताना कुठल्या दारात जाईल? म्हणून म्हणते की औषध चांगलं असून भागत नाही, सोबत चार शब्द बोलणारं माणूस पाहिजे. आमच्या सिस्टरला मी पाचपैकी पाच देते. त्यांनी माझी पिशवी वाचवली असं मी मनापासून मानते.

आता फडाचं सांगते. ऑक्टोबरचा डोस घेऊन आम्ही निघालो, कोल्हापूरकडच्या एका कारखान्याला. जानेवारीची तारीख १५ होती. कोपीपासून, म्हणजे फडावरच्या आमच्या झोपडीपासून, सगळ्यात जवळचा सरकारी दवाखाना चार-पाच किलोमीटर, आणि जायचं म्हणजे खाडा, कामाचा दिवस बुडाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातलं एक माणूस गेलं की मुकादम दिवसाचे पाचशे धरतो, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची राहते ती राहतेच. तरी १८ तारखेला गेले. तिथल्या बाईने कार्ड हातात न घेताच सांगितलं, तुमचं गाव कुठलं, तिकडेच घ्या, इथे आमच्या गावच्यांचंच आहे. मी कार्ड घेऊन परत. पाचशे रुपये गेले, धाकटीला सोबत नेलं होतं ती उन्हात तापली, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की मी काही भीक मागायला गेले नव्हते.

रात्री सिस्टरला फोन लावला. त्या म्हणाल्या घाबरू नको ताई, तारखेच्या चौदा दिवस आधीपासून ते अठ्ठावीस दिवस नंतरपर्यंत घेता येतं, तुझ्याकडे १२ फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे, आणि कार्ड कुठल्याही सरकारी ठिकाणी चालतं, दुसरीकडे जाऊन बघ. २९ तारखेला बाजाराच्या गावच्या दवाखान्यात गेले, तिथल्या सिस्टरने कार्ड बघितलं, बीपी घेतला, दिलं इंजेक्शन. काही प्रश्न नाही. म्हणजे नियम तोच, औषध तेच, समोर बसलेलं माणूस वेगळं. हे असं नशिबावर सोडायची गोष्ट आहे का? उसाच्या सहा महिन्यांत लाखो माणसं गाव सोडून जातात हे काही कुणाला नवीन नाही, लसीकरणवाले कोप्यांवर येतातच की, त्याच पिशवीत ही इंजेक्शनं आणि गोळ्या का येत नाहीत ते मला कळत नाही.

ह्यातून मला एक हिशोब सापडला तो उसाला जाणाऱ्या प्रत्येक बाईने नीट वाचा. टोळी निघायच्या अगदी आधी डोस पडला तर फडावर फक्त एकच डोस येतो, जानेवारीतला, आणि त्यालाही पुढे महिनाभर सूट. पुढचा थेट एप्रिलमध्ये, गावी आल्यावर. पण ऑगस्टच्या शेवटी सुरू केलं तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, दोन्ही फडावर, दोन खाडे. म्हणून सुरुवात जुलैत करा किंवा निघायच्या आठवड्यात करा. चौदा दिवस आधी घेता येतं त्याचाही उपयोग करून तारीख सरकवता येते, सिस्टरला नुसतं सांगायचं की आम्ही अमुक तारखेला निघणार.

माझ्या धाकट्या जावेला हे इंजेक्शन जमणार नव्हतं, तिने ऑगस्टमध्ये विचारलं. तिला छाया गोळी दिली. ही हार्मोनची नाही, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली आपल्या देशातलीच गोळी आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदाच. पिशवीत टाकून कुठेही नेता येते, खाडा नाही, कुणाला कार्ड दाखवायला नको. फडावर वार लक्षात राहत नाही, रात्री दोनला गाडी भरायला उठलं तर कसला रविवार न कसला बुधवार. पण तीन महिन्यांनंतर ती आठवडी बाजाराच्या दिवसाशी बांधता येते, बाजार कुणी विसरत नाही. पाकिटं मात्र सहा महिन्यांची एकदम मागून घ्या, देतात, आधी सांगितलं तर.

तांबीबद्दल (कॉपर-टी) मी स्वतःच्या अनुभवाने काही लिहू शकत नाही. दहा वर्षांची असते, पाच वर्षांचीही असते, बाळंतपणानंतर ४८ तासांत तिथेच बसवून मिळते, माझ्या मावसबहिणीला पाच वर्षं काही त्रास नाही. निरोध आणि माला-एन (रोज घ्यायच्या गोळ्या) आशाताई घरपोच देतात, तीन निरोधांचं पाकीट एक रुपया, गोळ्यांचं पाकीटही एक रुपया. रोग टाळायचा असेल तर निरोधच, इंजेक्शनने रोग टळत नाही हेही लक्षात ठेवा.

तक्रारी दोन आहेत अजून. आमच्या उपकेंद्रात एकच खोली, लसीकरणाच्या दिवशी बाहेर वीस बायका बसलेल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घेऊन, अंतराची कोण आहे? सासूपासून लपवून आलेली बाई तिथूनच माघारी जाते, मी बघितलंय. एक पडदा आणि वेगळा वार एवढंच पाहिजे. दुसरं, मार्च जवळ आला की एका ठिकाणी (नाव घेत नाही) प्रत्येक बाईला ऑपरेशनच करून टाक म्हणून मागे लागतात, जिला दोन मुलं झाली तिला दुसरं काही सांगतच नाहीत. ऑपरेशन वाईट नाही, ज्यांना मूल नकोच आहे त्यांनी जरूर करावं, पण निवड बाईची पाहिजे. आणि बाईचीच का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. पुरुषांचं बिनटाक्याचं असतं, अर्धा तासही लागत नाही. आमच्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले मग मोळी उचलायची ताकद जाईल. जात नाही. सिस्टरने त्यांनाही बसवून समजावलं, अजून पूर्ण पटलं नाही, पण कार्डावरची तारीख आता तेच मोबाईलमध्ये टाकून ठेवतात.

माझे पाच डोस झालेत. पाळी एप्रिलपासून जवळपास बंद, फडावर कापडाची न पाण्याची जी मारामार असते त्यात हे मला वरदानच वाटलं. वजन दोनेक किलो वाढलं. थकवा नाही. पुढची तारीख २९ ऑक्टोबर, टोळी त्याच्या आधी निघणार म्हणून सिस्टरने १६ ला बोलावलंय. आमच्या तांड्यातल्या अजून चार जणी त्या दिवशी सोबत येणार आहेत, एकच गाडी केली.