१० बाय १२ च्या खोलीत ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) बसवून घेतलं, सेटअप सर्व्हिसचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे २बीएचके आहे आणि एका बेडरूमचं थिएटर करायचं चाललंय त्यांनी हे नक्की वाचा. आमची खोली डोंबिवलीतली, १० बाय १२, चारही भिंती काँक्रीटच्या, वर पंखा. स्पीकर ज्या दुकानातून घेतले (नाव घेत नाही) त्यांच्या माणसाने सराउंड (बाजूचे-मागचे आवाज देणारे दोन स्पीकर) मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पार छताला चिकटवले, सोफा मागच्या भिंतीला टेकवला आणि गेला. डायलॉग कळायचे नाहीत, बास नुसता घुमायचा, आणि वर दुकानवाले म्हणे ७.१ करा (म्हणजे मागे अजून दोन स्पीकर) मग मजा येईल. म्हणून घरी येऊन फक्त कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) आणि स्पीकरची प्लेसमेंट करून देणाऱ्या एका दादांना बोलावलं, व्हिजिटचे ३००० रुपये.

दादांनी आल्या आल्या रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर) चालू पण केला नाही. आधी सोफा पुढे ओढला, बसल्यावर कान टीव्हीच्या भिंतीपासून ८ फुटांवर येईल एवढा. म्हणाले १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा बास अडकतो आणि भिंतीलगत तो सगळ्यात जास्त ऐकू येतो, सोफा हलवल्याशिवाय कुठलंही सेटिंग करून उपयोग नाही. नुसत्या तेवढ्यानेच अर्धा घुमारा गेला हो!

मग सोफ्यावर डोकं येतं तिथून दोरा धरला, जमिनीवर खडूने खुणा केल्या. फ्रंटचे दोन्ही स्पीकर एकमेकांपासून ७ फूट आणि भिंतीपासून फूटभर पुढे, म्हणजे मधल्या रेषेपासून साधारण २६ अंश, डॉल्बी कंपनी २२ ते ३० सांगते त्यात बसतं. सराउंड खरं तर ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे, पाहिजेत पण उजवीकडे मागच्या कोपऱ्यात दार आहे, तिथे स्पीकर लागणारच नाही. दादांनी उजवा दाराच्या चौकटीला लागून घेतला आणि डावीकडे मागे भरपूर जागा असूनही डावा मुद्दाम तेवढाच पुढे आणला, दोन्ही १०० च्या आसपास, कानापेक्षा फूटभर वर. मला हे फार पटलं, कारण एक मागे आणि एक पुढे असता तर गाडी एका बाजूने दुसरीकडे जाताना आवाज मध्येच उडी मारतो. ७.१ चं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणाले, पाठीमागे जेमतेम चार फूट, त्यात अजून दोन स्पीकर कानाशीच वाजतील.

सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवला, बासचं गाणं लावलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरले, जिथे बास एकसारखा ऐकू आला तिथे सब ठेवला. कोपऱ्यात नाही, टीव्ही युनिटच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून जरा लांब.

त्यानंतर पंखा बंद करून ऑटो कॅलिब्रेशन, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. रिसीव्हरने फ्रंट 'लार्ज' (पूर्ण बास झेपणारे) धरले होते ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झवर आणला. सबचं अंतर टेपने मोजलं त्यापेक्षा बरंच जास्त दाखवत होता, ते मात्र मुद्दाम तसंच ठेवलं कारण सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो तोच रिसीव्हर अंतर म्हणून धरतो. डाव्या सराउंडच्या प्लस मायनसच्या वायरी दुकानवाल्याने उलट्या लावलेल्या, त्याही यांनीच शोधल्या.

आता तक्रारी. दोन तास उशिरा आले. ब्रॅकेटचे पैसे वेगळे लागतील हे फोनवर सांगायला हवं होतं. वायर झाकायची पट्टी दाराच्या वर नीट बसलेली नाही, टोकाला उघडी दिसते, ज्यांना फिनिशिंग लागतं त्यांनी ते काम आपल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आवाजाचं काम मात्र एक नंबर. आता पावसाचा सीन लागला की पाऊस दोन्ही बाजूंनी पडतो, स्पीकर कुठे आहेत ते कळतच नाही, आणि आई सुद्धा आवाज न वाढवता डायलॉग ऐकते. पाचपैकी साडेचार. बोलावणार असाल तर खोलीची मापं, दार कुठल्या कोपऱ्यात आहे आणि सोफा किती पुढे येऊ शकतो एवढं आधीच व्हॉट्सॅपवर पाठवा, ब्रॅकेट घेऊनच येतील.